कंपोझर व्हायचं आणि युनिव्हर्सिटीत शिकवायचं, ही करिअर नक्की असते कशी?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात परत लिहिते म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. मुलगी वीस वर्षांची, पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, ट्रिनिटीची पियानोची आठवी ग्रेड झालेली, दोन-तीन वर्षं स्वतःचं वेस्टर्न क्लासिकल धाटणीचं लिहितेय, आणि आता म्हणते की अमेरिकेत कंपोझिशन शिकायचं आणि पुढे तिथेच प्रोफेसर व्हायचं. तुम्ही विचारलंय की ही खरंच करिअर आहे का, यावर पोट भरतं का, विसाव्या वर्षी उशीर झालाय का, आणि तिला इंजिनिअरिंग सोडू द्यावं का. मी हेच काम करते, अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या एका स्टेट युनिव्हर्सिटीत, बरीच वर्षं झाली. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या कारण बाकी सगळं त्यावरच ठरतं. ही नोकरी शिक्षकाची आहे. युनिव्हर्सिटी कंपोझरला पगार देते तो मुख्यतः शिकवायचा, आणि स्वतःचं लिहिणं त्या पगाराच्या आधारावर पहाटे, सुट्टीत, उन्हाळ्यात होतं. नुसत्या कमिशनवर, म्हणजे कोणी पैसे देऊन पीस लिहून घेतं त्यावर, घर चालवणारे कंपोझर आहेत पण बोटावर मोजण्याइतके, आणि फिलिप ग्लाससारख्या नावाजलेल्या अमेरिकन कंपोझरलाही चाळिशी गाठेपर्यंत न्यूयॉर्कमध्ये टॅक्सी चालवावी लागली, प्लंबिंगची कामं करावी लागली. म्हणून तिला आधी 'तुला दुसऱ्याला शिकवायला आवडतं का' हे विचारा, लिहिण्याचं नंतर बघू. शिकवणं म्हणजे कंपोझिंगच्या आड येणारी कटकट, असं मानणारे लोक मी जवळून पाहिलेत, ते पाच-सात वर्षांत वैतागतात आणि त्यांचं लिहिणंही आटतं. ज्यांना शिकवण्यात रस असतो ते साठीतही नवीन लिहीत असतात, कारण दर आठवड्याला विशीतलं कोणीतरी पोर त्यांच्यासमोर असं काहीतरी आणून ठेवतं ज्याचं तयार उत्तर त्यांच्याकडे नसतं. शोनबर्ग या ऑस्ट्रियन कंपोझरनं हार्मनीवरचं, म्हणजे एकदम वाजणाऱ्या सुरांच्या जुळणीवरचं, जाडजूड पुस्तक लिहिलं १९११ मध्ये, त्याच्या सुरुवातीलाच तो सांगतो की हे मी माझ्या विद्यार्थ्यांकडून शिकलो. हे नुसतं नम्रतेनं म्हटलेलं नाही असं मला वाटतं, तो स्वतः फारसा कोणाकडे रीतसर शिकलेलाच नव्हता, त्यामुळे दुसऱ्याला समजावून सांगता सांगताच त्याचं त्याला उमगत गेलं असणार.

म्हणजे प्रत्यक्षात काय चालतं ते एका लेसनवरून सांगते. दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा स्ट्रिंग क्वार्टेट, म्हणजे दोन व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो यांच्यासाठीचा पीस, घेऊन आला, कॉम्प्युटरवर लिहिलेलं, प्लेबॅक एकदम झकास वाजत होता. मधल्या एका बारमध्ये, म्हणजे तालाच्या एका घरात, व्हायोलाला त्यानं एकाच वेळी दोन सूर दिले होते, खालचा डी आणि त्याच्या वरचा एफ. आता व्हायोलाची सगळ्यात खालची तार सीची आणि तिच्या वरची जीची, म्हणजे हे दोन्ही सूर फक्त त्या एका सीच्या तारेवरच मिळतात, आणि एका तारेवर दोन सूर एकदम निघूच शकत नाहीत. कॉम्प्युटरला त्याचं काही नाही, तो वाजवून मोकळा. मी त्याला 'हे चुकलंय' असं म्हटलं नाही, डिपार्टमेंटचा व्हायोला कपाटातून काढून त्याच्या हातात दिला आणि म्हटलं हे दोन सूर शोध. तो शोधत बसला, बोट सरकवलं, परत सरकवलं, मग स्वतःच हसला. मग आम्ही तो एफ कोणाला द्यायचा ते बघायला लागलो. चेलो त्या बारमध्ये गप्प होता, त्याला दिला, तर चेलोच्या डीच्या तारेवर तो सूर इतका मोकळा आणि गाता लागतो की पुढचे चार बार त्यानं आपणहून बदलून आणले पुढच्या आठवड्यात. अख्खा तास एका सुरावर गेला. तुमच्या मुलीला असा तास गेला तर वेळ फुकट गेल्यासारखं वाटेल का, की घरी येऊन ती तुम्हाला उत्साहानं हे सांगत बसेल? यावर तिनं मनापासून विचार करावा.

असे वन-टू-वन तास आठवड्याचा एक भाग. त्याशिवाय सकाळी नऊला इअर ट्रेनिंगचा वर्ग, म्हणजे नोटेशन बघून गाणं, ऐकून नोटेशन लिहिणं, लहानपणी सरगम घोटलेल्या मुलांना इथे चांगला फायदा होतो. मग पहिल्या-दुसऱ्या वर्षाची हार्मनी, काउंटरपॉइंट (एकाच वेळी चालणाऱ्या वेगवेगळ्या सुरावटी), ऑर्केस्ट्रेशन (कोणत्या वाद्याला काय द्यायचं), ढीगभर वह्या तपासणं, पॅरलल फिफ्थ्स या हार्मनीतल्या नेहमीच्या चुकीला लाल गोल करणं, शुक्रवारी सगळ्या कंपोझिशनवाल्या मुलांचा एकत्र सेमिनार, विद्यार्थ्यांचे कॉन्सर्ट, ॲडमिशनच्या मुलाखती, कमिट्या, शिफारसपत्रं. शिफारसपत्रं तर नोव्हेंबरमध्ये श्वास घेऊ देत नाहीत.

आता उशीर झालाय का. नाही. अमेरिकन कंपोझर जेनिफर हिग्डन पंधराव्या वर्षी स्वतःची स्वतः फ्लूट शिकायला लागली, रीतसर शिक्षण अठराव्या वर्षी, कंपोझिशन एकविसाव्या वर्षी, आणि २०१० मध्ये तिला संगीताचं पुलित्झर मिळालं, फिलाडेल्फियाच्या कर्टिस इन्स्टिट्यूटमध्ये तिनं अनेक वर्षं शिकवलंही. आणि तुमची मुलगी इंजिनिअर होतेय म्हणून ग्रीक कंपोझर झेनाकिसचं उदाहरण तर सांगायलाच हवं. अथेन्समध्ये सिव्हिल इंजिनिअरिंग केलेला, युद्धात एक डोळा गेलेला, १९४७ मध्ये जीव वाचवून पॅरिसला पळाला आणि ल कॉर्बुझिएच्या ऑफिसात इंजिनिअर म्हणून लागला, तोच ल कॉर्बुझिए ज्यानं आपलं चंदीगड आखलं. झेनाकिस मेसियां या फ्रेंच कंपोझरकडे गेला आणि विचारलं की मी आता परत मुळापासून हार्मनी, काउंटरपॉइंट शिकू का, तर मेसियांनी सांगितलं नको, तू तिशीला आलायस, गणित येतं, आर्किटेक्चर येतं, ते वापर. पुढे तो अमेरिकेत इंडियाना युनिव्हर्सिटीत आणि नंतर पॅरिसच्या सोर्बोनमध्ये शिकवायला होता. पण ताई, मेसियांचा तो सल्ला झेनाकिसला होता, सगळ्यांना नव्हता. आज युनिव्हर्सिटीत शिकवायचं तर हार्मनी आणि काउंटरपॉइंट शिकवावंच लागतं, म्हणजे ते हाडामांसात मुरलेलं लागतं, त्याला पर्याय नाही. ग्रेड परीक्षांची थिअरी ही त्याची फक्त पहिली पायरी.

पैशाचं बोलू. बॅचलर्स चार वर्षं, मास्टर्स दोन, आणि नोकरीसाठी आता बहुतेक ठिकाणी डॉक्टरेट लागतेच, डीएमए किंवा पीएचडी, त्याला आणखी चार-पाच वर्षं धरा. यात माझं एक मत ठाम आहे, कंपोझिशनच्या डिग्रीसाठी कर्ज काढू नका. घर गहाण टाकून एज्युकेशन लोन घेऊन मास्टर्सला आलेली मुलं मी पाहते आणि त्रास होतो, कारण त्या डिग्रीनंतर हप्ता भरता येईल अशी नोकरी समोर नसते. फुकटात शिकवणारी किंवा उलट आपल्यालाच पैसे देणारी ठिकाणं आहेत, तिथेच अर्ज करायचे. कर्टिसमध्ये १९२८ पासून ट्यूशन नाही, फक्त जागा फारच कमी. येल स्कूल ऑफ म्युझिकला २००५ मध्ये दहा कोटी डॉलरची देणगी मिळाली, तेव्हापासून तिथेही ट्यूशन लागत नाही. प्रिन्स्टन, हार्वर्ड, शिकागो, पेनसिल्व्हेनिया इथल्या पीएचडीला आणि कोलंबिया, कॉर्नेलच्या डीएमएला ट्यूशन माफ आणि वर राहण्या-जेवणापुरता स्टायपेंड. मोठ्या स्टेट युनिव्हर्सिट्यांत असिस्टंटशिप मिळते, म्हणजे तुम्ही पहिल्या वर्षाच्या मुलांना थिअरी शिकवायची, ते ट्यूशन माफ करतात आणि थोडे पैसे देतात, आणि शिकवायला खरं तर तिथेच शिकता येतं. जर्मनीत बहुतेक राज्यांत सरकारी म्युझिक कॉलेजात ट्यूशन नाही, बाडेन-वुर्टेमबर्गमध्ये मात्र युरोपबाहेरच्यांना सेमिस्टरला १५०० युरो पडतात, आणि जर्मन शिकावंच लागतं.

डॉक्टरेट झाली की नोकरी, असं नसतं, हेही आत्ताच सांगते. कॉलेज म्युझिक सोसायटीची नोकऱ्यांची यादी असते, सगळे तीच बघत असतात, कंपोझिशनची कायम जागा वर्षाला मोजकीच निघते आणि एकेका जागेला शंभराच्या वर अर्ज येणं नेहमीचं. ती मिळाली तर टेन्यूर ट्रॅक, साधारण सहाव्या वर्षी सगळी फाईल तपासतात, पीसेस कुठे वाजले, कोणी वाजवले, रेकॉर्डिंग, बक्षिसं, विद्यार्थी काय म्हणतात, बाहेरच्या प्रोफेसरांची पत्रं, आणि मग एकतर कायम नाहीतर घरी. ती नाही मिळाली तर ॲडजंक्ट, म्हणजे तासिका तत्त्वावरचा सीएचबी असतो ना आपल्याकडे तसाच प्रकार, एका कोर्सला देशभरातली सरासरी साधारण चार हजार डॉलरच्या आसपास, दोन-तीन कॉलेजांत गाडी पळवत शिकवायचं, हेल्थ इन्शुरन्स बहुतेक वेळा नाही. फार हुशार, फार गुणी लोक वर्षानुवर्षं यात अडकलेत. पेन्शनचंही तसंच. शोनबर्ग एवढा मोठा, पण कॅलिफोर्नियातल्या यूसीएलए युनिव्हर्सिटीत आठच वर्षं नोकरी झाली, १९४४ मध्ये सत्तरीला रिटायर केलं आणि पेन्शन इतकी तुटपुंजी बसली की खाजगी शिकवण्या घ्याव्या लागल्या, आणि अपुरी कामं पुरी करायला गुगनहाइम फेलोशिप मागितली ती १९४५ मध्ये नाकारली.

व्हिसाचंही बघा. कंपोझिशनवाल्यांना ओपीटी, म्हणजे डिग्रीनंतर तिथे काम करायची परवानगी, बारा महिन्यांचीच, स्टेमवाल्यांना (सायन्स-इंजिनिअरिंगवाल्यांना) वर २४ महिने मिळतात ते इथे नाहीत. युनिव्हर्सिटीच्या नोकरीला एच-वन-बी या कामाच्या व्हिसासाठी लॉटरीतून जावं लागत नाही ही जमेची बाजू, पण सप्टेंबर २०२५ मध्ये देशाबाहेरून येणाऱ्यांच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरची फी जाहीर झाली, त्यामुळे कॉलेजं बाहेरचा माणूस घ्यायच्या आधी दहादा विचार करतायत. ती पोचेपर्यंत नियम काय असतील ते त्या वेळी बघावं लागेल, आज त्यावर प्लॅन करू नका.

मग हे सगळं असून लोक का करतात आणि टिकतात कसे? वाजवणाऱ्या माणसांमुळे. या करिअरमध्ये खरी कमाई म्हणजे तुमचं म्युझिक वाजवायला तयार असलेले आठ-दहा लोक, आणि ते बहुतेक वेळा कॉलेजातच भेटतात. बरोबरची क्लॅरिनेटवाली, होस्टेलमधला चेलोवाला, पंधरा वर्षांनी तेच कुठल्यातरी ऑर्केस्ट्रात किंवा फॅकल्टीवर असतात आणि फोन करतात की अगं आम्हाला एक ट्रायो लिहून दे. बक्षिसांनी ओळख होते, आस्कॅप आणि बीएमआय या कंपोझरांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्था, त्यातलं आस्कॅपचं तिशीच्या आतल्यांसाठीचं मॉर्टन गूल्ड अवॉर्ड, बीएमआयचं विद्यार्थ्यांसाठीचं, उन्हाळ्यातली संगीताची शिबिरं म्हणजे टँगलवूड, ॲस्पेन, युरोपात डार्मश्टाट, या सगळ्याला जरूर अर्ज करावेत, पण कमिशनं येतात ती ओळखीच्या वाजवणाऱ्यांकडून.

आणि ती माणसं टिकतात कशानं, तर त्यांच्या हातात पडणाऱ्या कागदानं. हे मी विद्यार्थ्यांना अक्षरशः रोज सांगते. ऑर्केस्ट्राला नवीन दहा मिनिटांच्या पीससाठी रिहर्सलचा वेळ फार थोडा मिळतो, कारण त्याच कार्यक्रमात ब्राम्सची सिंफनी असते, अडीच तासांच्या तालमीत मधे ब्रेक, युनियनचे नियम, घड्याळाकडे बघून सगळं थांबतं. अशा वेळी दुसऱ्या व्हायोलिनच्या पार्टमध्ये, म्हणजे फक्त त्या वाद्याचं नोटेशन असलेल्या कागदात, पान उलटायची जागा जर चालू फ्रेजच्या मधे आली असेल तर अर्धा सेक्शन वाजवायचं थांबतो. पान जिथे संपतं तिथे तीन-चार बार रेस्ट (गप्प राहायची जागा) हवी, नसेल तर आधीचं पान अर्धं मोकळं सोडा. ट्रंपेटला चाळीस बार गप्प बसून मग आत यायचं असेल तर त्याच्या आधी कोण काय वाजवतंय त्याचे क्यूज छोट्या अक्षरात द्या. कागद ए-फोर नको, स्टँडवर लांबून दिसत नाही, मोठा घ्या. ही कामं कंटाळवाणी आहेत पण ज्याचे पार्ट्स स्वच्छ असतात त्याचा पीस वाजवणारे मन लावून वाजवतात, आणि पुढच्या वेळी परत बोलावतात. हिग्डननं तर स्वतःचीच पब्लिशिंग कंपनी काढली, स्कोअर (सगळ्या वाद्यांचं एकत्र नोटेशन) आणि पार्ट्स घरून जातात आणि विक्रीचे, भाड्याचे पैसे तिच्याकडेच राहतात. आजकाल बरेच जण तसंच करतात, मीसुद्धा.

एक गोष्ट खास आपल्या मुलांसाठी. भारतीय नाव बघितलं की लोकांना वाटतं रागावर काहीतरी लिहिणार, आणि ॲडमिशनच्या पोर्टफोलिओत मुलंही घाईघाईत यमनचे सूर टाकून देतात. राग खरंच आत असेल तर लिहावा, पण मग तो शिकून लिहावा. दरबारीतला आंदोलित कोमल गंधार व्हायोलिनला नुसता ई फ्लॅट आणि वर एक वेडीवाकडी रेघ असा लिहून दिला तर जे वाजतं ते दरबारी नसतं. मी तो सूर वाजवणाऱ्याला आधी गाऊन दाखवते, खाली रिषभाकडे झुकत, सावकाश, मग तो माझ्याबरोबर गातो, मग व्हायोलिन उचलतो, आणि स्कोअरमध्ये मी झुलण्याचा वेग आणि सुरुवात-शेवटाचे सूर लिहिते, बाकी त्याच्या कानावर सोडते. भारतीय वंशाची अमेरिकन कंपोझर रीना इस्माइलनं जुलियार्ड आणि येल करून मग फुलब्राइट-नेहरू फेलोशिपवर भारतात येऊन हिंदुस्थानी शिकायला घेतलं, म्हणून तिच्या कॉयरच्या पीसेसमध्ये ते वरून चिकटवल्यासारखं वाटत नाही. युगांडात वाढलेले कंपोझर शिरीष कोरडे, अमेरिकेत वुस्टरच्या होली क्रॉस कॉलेजात अनेक वर्षं शिकवत होते, त्यांचंही तुमच्या मुलीनं ऐकावं. आणि तिला रागाशी काही देणंघेणं नसेल तर तेही पूर्ण चालतं, कोणाच्या अपेक्षेसाठी लिहू नये.

परत येऊन भारतात हे करता येईल का, असंही तुम्ही विचारलंय. कंपोझर वनराज भाटियांचं बघा. मुंबईचे, लंडनच्या रॉयल अकॅडमीत शिकले, मग पॅरिसला कंपोझिशनच्या नामवंत शिक्षिका नाडिया बुलांजेंकडे, १९५९ ला परत आले, दिल्ली युनिव्हर्सिटीत काही वर्षं वेस्टर्न म्युझिकॉलॉजीचे रीडर होते, पण घर चाललं ते हजारो जिंगल्सवर आणि श्याम बेनेगलांच्या सिनेमांवर. काम त्यांनी फार मोठं केलं, तरी त्यांच्या कॉन्सर्टच्या म्युझिकला जेवढे वाजवणारे मिळायला हवे होते तेवढे मिळाले नाहीत याचं मला आजही वाईट वाटतं. गोव्याच्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, हिंदी सिनेमातले मोठे व्हायोलिनिस्ट आणि अरेंजर, १९५८ मध्ये मुंबईत स्वतःचा ऑर्केस्ट्रा उभा करून भारतीय संगीत त्यात बसवायचा प्रयत्न करत होते, पुढे सिराक्यूज युनिव्हर्सिटीच्या स्कॉलरशिपवर अमेरिकेला गेले. आज परिस्थिती जरा बरी आहे, मुंबईच्या एनसीपीएत २००६ पासून सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, चेन्नईला रहमानचं केएम कॉन्झर्व्हेटरी आहे, पणजीला कला अकादमी आहे. पण कंपोझिशन शिकवायची कायम पगाराची जागा अजून शोधावीच लागते. शाळांतून, खाजगी पियानो-थिअरी शिकवून आणि सिनेमा-जाहिरातींचं काम करून लोक राहतात, आणि चांगलं राहतात.

आता या वर्षी तिनं काय करावं. नोटेशन लिहायच्या सॉफ्टवेअरांत म्युझस्कोर फुकट आहे, त्यावर लिहावं, पुढे जमलं तर डोरिको घ्यावं, फिनाले कोणी सुचवलं तर घेऊ नका, ते ऑगस्ट २०२४ मध्ये कंपनीनं बंद केल्याचं जाहीर केलं. पियानोवरून उठून दुसऱ्या वाद्यांसाठी लिहावं, पियानोवाली मुलं पेडल दाबल्यासारखं लिहितात, क्लॅरिनेटवाल्याला श्वास घ्यायचा असतो हे त्यांच्या लक्षात येत नाही. पुण्यात जो व्हायोलिनवाला, जो फ्लूटवाला, जो चर्चच्या कॉयरमधला गाणारा मिळेल त्याच्यासाठी तीन-चार मिनिटांचे पीसेस लिहावेत आणि खरे वाजवून घ्यावेत, फोनवरचं का होईना रेकॉर्डिंग करावं. बहुतेक स्कूलांची शेवटची तारीख १ डिसेंबरच्या आसपास असते, तीन-चार स्कोअर आणि त्यांची रेकॉर्डिंग मागतात, आणि मी स्वतः त्या कमिटीवर बसते म्हणून सांगते, कॉम्प्युटरनं वाजवलेल्या वीस मिनिटांच्या सिंफनीपेक्षा दोन माणसांनी खऱ्या खोलीत वाजवलेला चार मिनिटांचा ड्युएट आम्ही जास्त लक्ष देऊन ऐकतो. त्यातून कळतं की हिला माणसांबरोबर काम करता येतं. आणि शनिवार-रविवार जवळच्या दोन-तीन लहान मुलांना पियानो किंवा थिअरी शिकवायला सुरुवात करावी, फी घेऊन. सहा महिन्यांत तिला स्वतःलाच कळेल.

इंजिनिअरिंग सोडू देऊ नका. घाबरवायला म्हणत नाही, साधं कारण आहे, मास्टर्सला प्रवेश घ्यायला कुठल्यातरी विषयातली बॅचलर्स लागतेच आणि तिची चार वर्षांची डिग्री बऱ्याच ठिकाणी चालते. म्युझिकची बॅचलर्स नसल्यामुळे गेल्यावर थिअरी आणि इअर ट्रेनिंगची प्लेसमेंट टेस्ट द्यावी लागेल, त्यात कमी पडली तर राहिलेले जादा कोर्सेस करायला लावतात, तेवढीच अडचण. शेवटचं वर्ष संपेपर्यंत तिच्याकडे तीन वाजवलेले पीसेस असतील तर अर्जाला पुरेसे आहेत. एखादा स्कोअर तयार झाला की मला पाठवायला सांगा, मी बघून कळवीन.